भुलेआधीची पाच मिनिटं

शेंद्र्याची औद्योगिक वसाहत मागे पडली की जालना रस्त्यावर करमाड लागतं. छत्रपती संभाजीनगरपासून वीस-पंचवीस किलोमीटर. आजूबाजूला कापूस, मका, मोसंबीच्या बागा. घरटी एखादं पोरगं कंपनीत ड्युटीला, बाकीचे शेतात. मनमाडहून सिकंदराबादकडे जाणारी निजामाच्या काळातली रेल्वे गावाला लागून जाते. इथल्या घरात ऑपरेशन ठरलं की बहुतेकदा शहराचा रस्ता धरावा लागतो. ऐपत असेल तर खासगीत, नसेल तर घाटीत. १९५६ साली सुरू झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं हे रुग्णालय मराठवाडाभर ‘घाटी’ म्हणूनच ओळखलं जातं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी नातेवाईक सर्जनला दहा प्रश्न विचारतात. टाके किती, खर्च किती, सुट्टी कधी. भूल देणारा डॉक्टर कोण, हे मात्र क्वचितच कोणी विचारतं. तो येतो, पेशंटच्या कॉटजवळ पाच मिनिटं उभा राहतो आणि जातो. त्या पाच मिनिटांतला संवाद सगळीकडे साधारण सारखाच असतो.

‘‘मावशी, याआधी कधी ऑपरेशन झालं होतं का? भूल दिली होती?’’

‘‘झालं होतं ना. धाकट्याच्या वक्ताला सिझर केलं होतं.’’

‘‘तेव्हा काही त्रास? कसल्या औषधाची रिअ‍ॅक्शन? कावीळ झाली होती कधी? दमा? गुडघ्यासाठी काही औषध चालू आहे?’’

‘‘नाई, काईच नाई.’’

बाबांना विचारलं की ‘‘दारू घेता का?’’, तर उत्तर येतं, ‘‘कधीमधी, सणावाराला.’’ कॉटच्या पायथ्याशी उभी असलेली सून खाली बघते. डॉक्टर कागदावर टिक करतो आणि पुढच्या कॉटकडे वळतो.

ही पाच मिनिटं हा ऑपरेशनमधला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोलाचा भाग आहे, असं माझं ठाम मत आहे. हृदयाचा आजार ईसीजीत दिसतो, साखर रक्तात सापडते, फुप्फुसाचा त्रास श्वासावरून कळतो. तीन गोष्टी मात्र बाहेरून ओळखू येत नाहीत. यकृत बरंच निकामी झालं तरी ते कुरकुर करत नाही. अ‍ॅलर्जी ते औषध शरीरात जाईपर्यंत गप्प बसते. आणि शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःवरच उलटल्याचे आजार तर कित्येकदा गुडघेदुखीच्या पुडीखाली झाकलेले असतात. इथे यंत्रापेक्षा पेशंटचं खरं बोलणं जास्त कामाला येतं.

यकृत आणि भूल यांचं नातं जगाला उशिरा कळलं, आणि त्या गोष्टीचा एक धागा आपल्याच जुन्या राज्यातून जातो. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टनमध्ये विल्यम मॉर्टनने इथर देऊन जाहीर शस्त्रक्रिया करवून दाखवली. पुढच्याच वर्षी एडिंबरात जेम्स सिम्पसनने क्लोरोफॉर्म आणलं. वास गोड, गुण झटपट. पण जानेवारी १८४८ मध्ये इंग्लंडात हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या बोटाच्या नखाचं साधं ऑपरेशन करताना क्लोरोफॉर्मखाली दगावली, आणि वाद पेटला. क्लोरोफॉर्मने आधी हृदय थांबतं की श्वास?

त्या वादाचा निकाल लावण्यासाठी १८८८ आणि १८८९ साली हैदराबादला दोन आयोग बसले. करमाड तेव्हा त्याच निजामी राज्यात होतं. पैसा निजामाचा, पुढाकार सर्जन एडवर्ड लॉरीचा. दुसऱ्या आयोगासाठी लंडनच्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने टी. लॉडर ब्रंटन यांना पाठवलं. या कामात हैदराबाद मेडिकल स्कूलमधून शिकलेल्या रूपाबाई फर्दूनजी होत्या. जगातल्या पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञांमध्ये त्यांचं नाव घेतलं जातं. मराठवाड्यातल्या भूलशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ते माहीत असायला हवं. आयोगाने निष्कर्ष काढला की आधी श्वास बंद पडतो, म्हणून श्वासावर लक्ष ठेवा. पुढे १९११ मध्ये गुडमन लेव्हीने हृदयाचे ठोके विस्कटूनही मृत्यू येतो हे सिद्ध केलं आणि हैदराबादचा निकाल अपुरा ठरला.

पण दोन्ही बाजूंचे डॉक्टर टेबलावर घडणाऱ्या गोष्टींकडेच बघत होते. क्लोरोफॉर्म घेऊन काही मुलं शुद्धीवर येत, आईशी बोलत, आणि दोन-तीन दिवसांनी उलट्या, बडबड, बेशुद्धी होऊन जात. १८९४ साली लिओनार्ड गथ्री या इंग्लिश डॉक्टरने अशा मुलांची नोंद छापली. त्यांच्या यकृतात चरबी भरलेली होती. ऑपरेशन उत्तम झालं, भूल उत्तम उतरली, आणि जीव मागाहून गेला. भुलेचा हिशेब पेशंट टेबलावरून उतरल्यावर संपत नाही, हे तेव्हा पहिल्यांदा ठळकपणे समोर आलं.

हीच गोष्ट साठ-सत्तर वर्षांनी जास्त गुंतागुंतीच्या रूपात परत आली. १९५१ मध्ये चार्ल्स सकलिंग यांनी इंग्लंडात हॅलोथेन तयार केलं, १९५६ मध्ये मँचेस्टरमध्ये मायकेल जॉन्स्टनने ते माणसांना दिलं. इथरसारखा पेट घेण्याचा धोका नाही, उलट्या कमी, मुलंही शांतपणे झोपतात. जगभर ते पसरलं. भारतात तर सरकारी रुग्णालयांमध्ये कित्येक वर्षं भूल म्हणजे हॅलोथेनच होतं. मग तुरळक बातम्या येऊ लागल्या. ऑपरेशननंतर काही दिवसांनी ताप, मग कावीळ, मग यकृत पूर्ण निकामी. अमेरिकेत साडेआठ लाख भुलींच्या नोंदी तपासणारा मोठा अभ्यास १९६६ साली प्रसिद्ध झाला. त्यात असा जीवघेणा प्रकार साधारण ३५ हजारांत एक इतका दुर्मीळ निघाला. दुर्मीळ होता, पण त्याची एक खूण विचित्र होती. हॅलोथेन पहिल्यांदा घेणाऱ्यापेक्षा काही आठवड्यांत पुन्हा घेणाऱ्याला तो जास्त गाठत होता.

विष असतं तर पहिल्याच वेळी बाधलं असतं. दुसऱ्या वेळी बाधणं ही अ‍ॅलर्जीची चाल. उलगडा हळूहळू झाला. शरीरात गेलेल्या हॅलोथेनपैकी सुमारे २० टक्के यकृत मोडतं. त्या मोडीतून निघणारा एक तुकडा यकृताच्या स्वतःच्या प्रथिनांना चिकटतो. काही माणसांची प्रतिकारयंत्रणा मग त्या प्रथिनांना परकं समजते, त्यांच्याविरुद्ध अँटिबॉडी तयार करते, आणि पुढच्या भुलेच्या वेळी आपल्याच यकृतावर तुटून पडते. यकृत, अ‍ॅलर्जी आणि प्रतिकारशक्ती, तिन्ही एकाच आजारात एकत्र. तीन महिन्यांच्या आत हॅलोथेन पुन्हा देऊ नका, असा इशारा ब्रिटनमध्ये १९८६ साली दिला गेला.

आजच्या आयसोफ्लुरेनचा शरीरात मोडणारा भाग जेमतेम ०.२ टक्के, डेसफ्लुरेनचा ०.०२. सेव्होफ्लुरेन त्याहून जास्त मोडतं, पण त्यातून तो घातक तुकडा निघत नाही. धोका जवळपास मिटला आहे. तरीही जुन्या ऑपरेशननंतर ‘‘पंधरा दिवसांनी डोळे पिवळे झाले होते’’ असं कोणी सांगितलं तर भूलतज्ज्ञ हातातलं पेन थांबवतो. ती माहिती कुठल्याही प्रयोगशाळेच्या रिपोर्टात नसते, घरातल्या म्हातारीच्या आठवणीत असते.

आता आजचं यकृत. मराठवाड्यातल्या गावांत कावीळ म्हटली की आजही निम्मं गाव आधी ती ‘उतरवणाऱ्या’कडे जातं. नाकात रस पिळणं, गळ्यात माळ घालणं, चुन्याच्या पाण्यात हात धुऊन पिवळं पाणी दाखवणं. हिपॅटायटिस ए किंवा ई ची कावीळ बहुतेकदा आपोआप बरी होते आणि श्रेय माळेला मिळतं. पण त्यामुळे कावीळ कसली होती याचा कागद कधी तयारच होत नाही. हिपॅटायटिस बी किंवा सी असेल तर माणूस वर्षानुवर्षं धडधाकट दिसतो आणि आत यकृत कडक होत जातं. ऐन काविळीत तर थांबण्यासारखं ऑपरेशन करूच नये, हा नियम अनुभवातून आला. काविळीचं कारण शोधायला म्हणून पूर्वी पोट उघडत. १९६३ साली अमेरिकेत छापलेल्या एका अहवालात, हिपॅटायटिस असताना पोट उघडलेल्या ४२ रुग्णांपैकी जवळजवळ दहा टक्के दगावले होते.

लिव्हर सिऱ्होसिस झालेल्या माणसाचं मोजमाप चाइल्ड आणि टरकॉट यांनी १९६४ मध्ये मांडलं, पग यांनी १९७३ मध्ये सुधारलं. कावीळ किती, रक्तातलं अल्ब्युमिन किती, रक्त गोठायला वेळ किती, पोटात पाणी आहे का, माणूस भानावर आहे का, यावरून ए, बी, सी असे गट पडतात. पोटाचं मोठं ऑपरेशन केल्यास ए गटात दहा टक्के, बी गटात तीस आणि सी गटात पाऊणशेच्या पुढे मृत्यू, हे १९८४ आणि १९९७ सालच्या अमेरिकन अभ्यासांचे आकडे. उपचार सुधारल्याने आज ते काहीसे खाली आले असतील, उतरंड तीच आहे. हर्नियासारखं ‘छोटं’ ऑपरेशन म्हणून आलेल्या माणसाच्या पोटात पाणी सापडलं आणि तारीख पुढे ढकलली, तर नातेवाईक चिडतात. त्या चिडण्यापुढे ठाम राहणाऱ्या डॉक्टरबद्दल मला आदर वाटतो.

कमरेत सुई देऊन फक्त खालचा भाग बधिर करणं यकृताच्या पेशंटला सोयीचं वाटतं. पण रक्त गोठवणारी बहुतेक द्रव्यं यकृतच बनवतं. ती कमी असतील, प्लेटलेट्स घसरलेल्या असतील, तर सुईच्या जागी मणक्यात रक्त साठून पाय कायमचे लुळे पडण्याची भीती असते. म्हणून ‘कमरेतूनच द्या’ हा हट्ट धरण्याआधी रक्ताचा रिपोर्ट बघू द्यावा. झोपेची औषधंही अशा माणसाला बेतानेच द्यावी लागतात. यकृत ती साफ करत नाही, आणि आधीच धूसर झालेला मेंदू थोड्या गोळ्यांनीही बुडतो.

दारूची गोष्ट थोडी वेगळी आहे. तिथे खोटं बोलणं पेशंटच्याच अंगावर येतं. रोज पिणारा माणूस दवाखान्यात दाखल झाला की त्याची दारू अचानक तुटते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात थरथरतात, घाम येतो, भिंतीवर किडे दिसतात, सलाईन ओढून काढतो. घरच्यांना वाटतं भूल डोक्यात गेली. डॉक्टरला आधी माहीत असतं तर औषध चालू करून हे टाळता आलं असतं. सुनेसमोर, मुलीसमोर बोलायला लाज वाटत असेल तर डॉक्टरला बाजूला घेऊन सांगा. रोज किती, कधीपासून, शेवटची कधी. एवढंच पुरतं.

यकृत आणखी एक गोष्ट बनवतं, जिचं नाव फार थोड्यांनी ऐकलेलं असतं. कोलिनेस्टरेज. घशात नळी घालताना स्नायू सैल करण्यासाठी सक्सामेथोनियम देतात. ते पाचेक मिनिटांत उतरतं ते या विकरामुळे. यकृत खराब असेल तर ते कमी होतं. कापसावर फवारणी करणाऱ्या माणसाच्या अंगात ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशक गेलं असेल तरीही ते दबलेलं असतं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, तेव्हा हा विषय राज्यभर गाजला. पण जो मरत नाही, नुसती डोकेदुखी आणि मळमळ घेऊन घरी येतो, त्याचं आठवड्याभरात अपेंडिक्स दुखायला लागलं तर फवारणीचा उल्लेख कोण करतं? करमाडच्या शिवारात पावसाळ्यात हा प्रश्न प्रत्येक पेशंटला विचारण्यासारखा आहे.

काही घराण्यांत हे विकर जन्मतःच नसतं. कोइमतूरच्या भारतियार विद्यापीठातल्या संशोधकांनी परदेशी सहकाऱ्यांसह २००६ साली आर्य वैश्य समाजातला असा जनुकीय बदल प्रसिद्ध केला. इतरत्र लाखात एखाद्याला असणारी ही उणीव त्यांनी तपासलेल्यांत सुमारे २४ जणांमागे एकाला सापडली. नांदेडपासून संभाजीनगरपर्यंत या समाजाची घरं आहेत. माणूस एरवी ठणठणीत असतो, काहीच बिघडलेलं नसतं. पण सक्सामेथोनियम दिलं तर पाच मिनिटांऐवजी काही तास श्वास परत येत नाही. तोवर यंत्राने श्वास देत राहणं, हाच उपाय. ‘‘आमच्या काकांना भुलेनंतर रात्रभर मशीनवर ठेवलं होतं’’ हे एक वाक्य आधी कळलं तर तो स्नायूशिथिलक टाळून दुसरा वापरता येतो.

अट्राक्युरियम हा असाच दुसरा. तो यकृताची किंवा मूत्रपिंडाची वाट न बघता शरीराच्या तापमानाला आपोआप मोडत जातो. यकृताच्या पेशंटसाठी वरदानच. पण तो जोरात दिला तर हिस्टामिन सुटतं, अंगावर चट्टे येतात, छाती आवळते. दम्याच्या पेशंटला तो बेतानेच द्यावा लागतो. एकाला तारणारं औषध दुसऱ्याला जड. भूल म्हणजे एक इंजेक्शन असं समजणाऱ्यांनी हा पेच जरूर समजून घ्यावा.

आता अ‍ॅलर्जी. ब्रिटनमध्ये वर्षभर देशातल्या सगळ्या सरकारी रुग्णालयांतून भुलेदरम्यानच्या तीव्र अ‍ॅलर्जीची माहिती गोळा करून २०१८ साली अहवाल निघाला. असा प्रसंग साधारण दहा हजारांत एकदा घडतो. कारणांमध्ये जवळपास निम्मा वाटा अँटिबायोटिक्सचा, तिसरा हिस्सा स्नायूशिथिलकांचा, आणि नऊ टक्के क्लोरहेक्सिडिनचा. क्लोरहेक्सिडिन म्हणजे कातडी स्वच्छ करायचं द्रव, आपल्या घरातल्या सॅव्हलॉनमध्ये असतं ते. माणूस ज्याला ‘भुलेची रिअ‍ॅक्शन’ म्हणतो ती पुष्कळदा भुलेची नसतेच.

जागा माणूस अंग खाजतंय, घसा दाटलाय असं सांगू शकतो. झोपलेला सांगू शकत नाही. अंगावर हिरव्या चादरी असतात, पुरळ झाकलेलं असतं. भूलतज्ज्ञाला पहिली खबर मॉनिटरवरून मिळते. रक्तदाब खाली, नाडी वर, श्वासाची पिशवी दाबायला जड. मग अ‍ॅड्रिनलिन, पाय वर, सलाईन धारेने. हे करमाडसारख्या गावांतल्या डॉक्टरांना नवं नाही. शेतात साप चावलेल्याला घोड्याच्या रक्तापासून बनवलेलं प्रतिविष देताना ते अ‍ॅड्रिनलिन भरलेली सिरिंज हाताशी ठेवूनच बसतात. ते प्रतिविष देताना नेमकी हीच रिअ‍ॅक्शन येऊ शकते.

त्याउलट खोट्या अ‍ॅलर्जीचा त्रासही कमी नाही. दाताच्या डॉक्टरकडे सुई घेतल्यावर छातीत धडधडलं, म्हणून कुणी आयुष्यभर ‘मला बधिर करायच्या इंजेक्शनची अ‍ॅलर्जी’ असं सांगतो. ती धडधड बहुधा त्या इंजेक्शनातल्या अ‍ॅड्रिनलिनची किंवा भीतीची असते. बधिर करणाऱ्या औषधांची खरी अ‍ॅलर्जी फारच विरळा. पेनिसिलिनचंही तसंच. पाश्चात्त्य देशांत ज्यांच्या कागदावर पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी लिहिलेली असते, त्यांची नीट तपासणी केली तर दहातल्या नऊ जणांना ती नसतेच. चुकीच्या शिक्क्यामुळे चांगलं औषध हुकतं आणि दुय्यम औषध द्यावं लागतं. म्हणून ‘अ‍ॅलर्जी आहे’ एवढं पुरत नाही. कोणत्या औषधाने, किती वेळात, नेमकं काय झालं, आणि दवाखान्यात काय उपचार केले, हे सांगायला हवं. उलटी झाली की श्वास अडकला, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

खरी रिअ‍ॅक्शन आली असेल तर दोन-तीन तासांच्या आत ट्रिप्टेज नावाची रक्ततपासणी केल्यास पुरावा हाती येतो. पुढे त्वचेच्या चाचण्यांनी कोणतं औषध जबाबदार ते शोधता येतं. मोठ्या शहरांबाहेर हे अजून फारसं होत नाही. पण औषधांची नावं लिहिलेली चिठ्ठी पेशंटच्या हातात देणं कुठल्याही दवाखान्यात होऊ शकतं, आणि तेही होत नाही, याचा मला राग येतो.

आता प्रतिकारयंत्रणा स्वतःवर उलटल्याचे आजार. त्यांत सगळ्यात जास्त झाकून राहतं ते स्टेरॉइडचं प्रकरण. आमवाताने बोटं वाकडी झालेली बाई बाजाराच्या दिवशी कुणाकडून तरी ‘आयुर्वेदिक’ पुड्या आणते. दोन दिवसांत दुखणं जातं, भूक लागते, चेहरा गोल होतो. अशा कित्येक पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं सापडलं आहे. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिलं की मूत्रपिंडावरच्या ग्रंथी आपलं काम बंद करतात. ऑपरेशनचा ताण आला आणि पुडी बंद झाली, की रक्तदाब सावरायला शरीरात काही उरत नाही. १९५२ साली अमेरिकेत संधिवातासाठी कॉर्टिसोन घेणारा एक रुग्ण खुब्याच्या ऑपरेशननंतर असाच कोसळून गेला, आणि त्याच्या त्या ग्रंथी आक्रसलेल्या निघाल्या. तेव्हापासून हा धोका वैद्यकाला माहीत आहे. डॉक्टरला ठाऊक असेल तर हायड्रोकॉर्टिसोनची काही इंजेक्शनं देऊन तो टळतो. पुडीचं नाव माहीत नसेल तर पुडीच दाखवावी.

त्याच आमवातात मानेचे वरचे मणके सैल झालेले असू शकतात. नळी घालायला मान मागे वाकवली तर मज्जारज्जू दबू शकतो. म्हणून ‘‘मान दुखते का, हातांना मुंग्या येतात का’’ हा प्रश्न गुडघ्याच्या पेशंटला विचारतात, तो उगाच नाही.

प्रतिकारशक्ती स्नायूंवर उलटते ते मायस्थेनिया ग्रॅव्हिस. पापण्या गळतात, संध्याकाळी थकवा वाढतो. स्नायूशिथिलकाचा किरकोळ डोसही अशा माणसाला फार होतो. अमिताभ बच्चन यांनी आपल्याला १९८०च्या दशकात हा आजार झाल्याचं जाहीरपणे सांगितलं आहे. १९८२ मध्ये ‘कुली’च्या चित्रीकरणातल्या दुखापतीनंतर दिलेल्या रक्तातून हिपॅटायटिस बी झाला आणि यकृताचा ७५ टक्के भाग गेला, हेही त्यांनी लोकांना सांगितलं. इतका मोठा माणूस आपले दोन्ही आजार उघड सांगतो, तर आपण डॉक्टरपासून लपवण्यासारखं काय आहे?

सरकारी रुग्णालयात भूलतज्ज्ञ कमी आणि पेशंट फार, हे खरं आहे. पाच मिनिटांची दहा व्हावीत ही मागणी लोकांनीच लावून धरली पाहिजे. ऑपरेशनच्या किमान आठवडाभर आधी भुलेची तपासणी व्हावी, आदल्या रात्री कॉटवर नव्हे. आणि भुलेदरम्यान काही वेगळं घडलं तर ते साध्या मराठीत लिहून पेशंटला देणं प्रत्येक दवाखान्यावर बंधनकारक व्हावं.

तोवर आपलं आपण करावं. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसासाठी एका कागदावर लिहून ठेवा. आधीची ऑपरेशनं आणि त्यानंतरचा कुठलाही त्रास, झालेली कावीळ, बाधलेली औषधं, चालू असलेल्या गोळ्या आणि पुड्या, दारू, फवारणी, भुलेत रक्ताच्या नात्यातल्या कोणाला झालेला त्रास. तो कागद रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवा आणि दवाखान्यात जाताना सोबत न्या. भूल देणारे डॉक्टर कॉटजवळ आले की त्यांचं नाव विचारा आणि विचारण्याची वाट न बघता तो त्यांच्या हातात द्या.